आतून उतलेला बिबा

सरपंचसाहेब, गुरुजी, गावातल्या बायांनो आणि बाप्यांनो,

भागरथाची तेरवी परवा झाली. आज ही सभा आहे. गुरुजी म्हणाले, मोठ्या जाऊबाई, तुम्ही दोन शब्द बोला. मी म्हटलं, गुरुजी, मी दुसरीत असताना शाळा सोडली. मले भांडता येते, बोलता येत नाही. ते म्हणाले, मग भांडल्यासारखं बोला. म्हणून उभी राहिली आहे. मध्येच घसा बसला तर थोडं थांबा. पाणी घेऊन धावू नका, मी अजून मेली नाही.

आल्यापासून सगळे विचारून राहिले, भागरथाचा फोटो कुठं आहे. फोटो नाही. काढलाच नाही कधी. मग हार कशाला घातला आहे, ते पुढं बसलेल्यांना दिसते, मागच्यांना नाही दिसत. सांगते. पाटावर एक काचेची पट्टी आहे. दोन बोटांएवढी, पातळ. झेंडूचा हार तिला घातला आहे. काही जण आल्या आल्या हसले. हसा. भागरथाही हसली असती. पण ती पट्टी काऊन ठेवली, ते माहीत असूनही हसले असाल तर घरी जा.

भागरथा माझी धाकटी जाऊ. माझ्या दिराची बायको. लग्न होऊन आली तेव्हा एवढीशी होती, आणि शिंकायची. नवरी म्हणून पाटावर बसली आणि सात वेळा शिंकली. सासू म्हणाली, ही काय पोरगी आणली. पुढं तिला दमा झाला. धानाची मळणी सुरू झाली की तिचा भाता सुरू व्हायचा. तरी कामाला मागं नाही. रोवण्यात बायांच्या ओळीत तिची तिसरी पात. धुऱ्याकडून, म्हणजे बांधाकडून, तिसरी. पहिली पारबताबाईची, दुसरी माझी, तिसरी तिची. चिखलात वाकून, मागं मागं सरकत, हाताला हात लागेल इतक्या जवळ आम्ही धान रोवायचो. तिचा श्वास माझ्या कानात वाजायचा. मी म्हणायची, तुझा बाजा बंद कर वो. ती म्हणायची, बाई, बाजा बंद झाला की तुले करमणार नाही.

खरं बोलली होती. करमून नाही राहिलं.

आता डागांचं सांगते. कारण ते सांगितल्याशिवाय ही बाई काय होती ते कळणार नाही. तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी ते डाग पाहिले, आणि निम्मे न पाहताच पळाले.

त्या वर्षी उन्हाळ्यात आम्ही बिबे फोडत होतो. बिब्याचं तेल अंगाला लागलं की काय होते ते तुम्हाला माहीत आहे. अंग सुजते, खाज सुटते, फोड येतात. आपण म्हणतो, बिबा उतला. तर भागरथाच्या अंगावर गांधी उठल्या. मग पायांच्या नळ्यांवर लाल ठिपके आले. मी म्हटलं, बिबा उतला, खोबरं लाव. तिनं लावलं. ठिपके जांभळे झाले. जांभळाचा रस सांडावा तसे. आणि हात फिरवला तर बोटाला लागायचे, कातडीखाली मसुरीची डाळ पेरल्यासारखे. मी म्हटलं, जास्त उतला, आणखी लाव. मग कोपरांवर गाठी आल्या, तुरीच्या दाण्याएवढ्या. कोपर टेकवलं की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. मांडीवर निळसर जाळं दिसायला लागलं, मासे धरायच्या जाळ्यासारखं. मी तरी बिबाच म्हणत होती. मले दुसरा शब्दच माहीत नव्हता.

गावाला माहीत होता. गाव तो नदीवर बोललं, विहिरीवर बोललं. तिच्या तोंडावर फक्त बोललं नाही. महारोग.

पारबताबाई, खाली पाहू नको. मी तुझं एकटीचं नाव घेऊन नाही राहिली. माझंही घेते, थांब.

आषाढात रोवणा लागला. पहिल्या दिवशी भागरथा बांधावरून खाली उतरली, तशी ओळ उभी राहिली. कोणी वाकलं नाही. पारबताबाई म्हणाली, भागरथा, तू आज घरी जा. ती म्हणाली, काऊन? बाया वाकून रोवायला लागल्या. ती परत गेली नाही. बांधावर बसून राहिली. तिची पात रिकामी, आणि आम्ही तिच्या दोन्ही बाजूंनी रोवत गेलो. दुपारी सगळ्या बाया थोड्या थोड्या सरकल्या आणि ती जागा भरून टाकली. मीही सरकली. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. आज सांगते. सगळ्यात आधी मी सरकली.

मग काट्याचा दिवस आला. गावातल्या जाणत्यांनी ठरवलं की परीक्षा घ्यायची. महारोगात काटा टोचला तर समजत नाही, हे सगळ्यांना माहीत. भागरथाला या इथंच, शाळेच्या ओट्यावर बसवलं. डोळ्यांवर पदर बांधला. बाभळीचा काटा आणला. आता टोचायचा कोणी? सगळे मागं. घरची बाई म्हणून माझ्या हातात दिला.

आता ऐका. आदल्या दिवशी मी तिले चुलीजवळ सांगितलं होतं, मी टोचायच्या आधी जरासं खोकलेन. मी खोकलली की तू दुखते म्हणायचं. समजलं वो? तिनं चुलीत लाकूड सारलं. मी समजली, समजलं.

पायाच्या ठिपक्यांवर टोचलं. दुखते, म्हणाली. कोपराच्या गाठीवर टोचलं. दुखते. ते खरंच दुखत होतं, मले दिसत होतं. गाव जरा ढिलं झालं. कोणी तरी म्हणालं, झालं, उठवा. तेवढ्यात एक जण म्हणाला, पाऊल राहिलं. मी डाव्या पावलाच्या वरच्या बाजूला काटा लावला. खोकलली. टोचलं. भागरथा गप्प. मी आणखी जोरात खोकलली. आणखी टोचलं. रक्त आलं. तर ही काय म्हणते?

"बाई, तू खोकलून राहिली, म्हणून टोचत असशील. मले तर काही कळून नाही राहिलं."

सगळ्या गावासमोर. मले इतका राग आला की काटा तिच्याच मांडीत मारावासा वाटला. घरी गेल्यावर मी म्हटलं, एक शब्द बोलायला तुझं काय जात होतं? ती म्हणाली, पाऊल माझं आहे, त्याच्याबद्दल खोटं मी कायले बोलू?

त्या एका खऱ्या शब्दानं तिची ओळ गेली. घरात जागा गेली. गोठ्याच्या पडवीत तिची चटई टाकली. टाकली म्हणजे कोणी? मी. तिचं ताट वेगळं केलं, ते मी केलं. पाण्याचा गडवा वेगळा केला, तोही मीच. वरून वाढायची मी तिले, भिकाऱ्याला वाढावं तसं. माझा दीर कोपऱ्यात तोंड घालून बसायचा. ती मले एकदाही काही बोलली नाही. फक्त एकदा म्हणाली, बाई, भाजीत मीठ कमी आहे. मले वाटलं, हिच्यात अजून दम आहे.

पुढं तिचं पाऊल लोंबायला लागलं. चालताना चप्पल निघून जायची, तिला पत्ता नसायचा. पायाच्या बोटांना चिंधी बांधून ती चिंधी पोटरीला ताणून बांधायची, पाऊल वर राहावं म्हणून. कोणी शिकवलं नव्हतं. स्वतःच काढलं. आणि दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी तिचा दमा असा चढला की ओठ निळे झाले. मी बंडी जुंपायला सांगितली.

आता तुम्ही म्हणाल, जाऊबाईला दया आली. काही दया नाही आली. ही गोठ्यात मेली तर लोक म्हणतील मोठीनं मारली, म्हणून निघाली. सभेत खोटं कायले सांगू? तिनं काट्याखाली नाही सांगितलं, मी माइकही नसलेल्या सभेत सांगू का?

सौंदडपर्यंत बंडी. तिथून छोट्या रेल्वेनं गोंदिया. तिथल्या दवाखान्यातल्या माणसानं पाय पाहिला, कोपर पाहिलं, दम्याचं इंजेक्शन दिलं, आणि म्हणाला, "बाई, ये हमारे बस का नहीं, नागपूर ले जाओ." तिले श्वास घेता यायला लागला, तशी म्हणाली, चला नागपूर, मोठी रेल पाहिली नाही मी.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता, जाड चष्म्याचा. त्यानं खिशातून काचेची पट्टी काढली. हीच. भागरथाच्या नळीवरच्या ठिपक्यावर ठेवली, दाबली आणि वरून पाहिलं. सोडली, पुन्हा दाबली. भागरथा म्हणाली, काय पाहून राहिले तुम्ही? त्यानं तिलेच दाखवलं. म्हणाला, गांधी असती, नुसती लाली असती, तर दाबल्यावर पांढरी पडली असती. कारण तेव्हा रक्त नसांमध्येच असते, दाबलं की बाजूला सरकते. हा डाग दाबून जात नाही. म्हणजे रक्त नसेबाहेर आलं आहे. नस कुठं तरी बिघडली आहे.

मग म्हणाला, आणखी काय होते, सगळं सांगा. मी तोंड उघडायच्या आत भागरथानं पाऊल पुढं केलं. म्हणाली, इथं कळत नाही मले. टोचून पाहा.

डॉक्टर उठून उभा राहिला. मले वाटलं, झालं, इथूनही हाकलते. तो गेला आणि आणखी डॉक्टर घेऊन आला. दहा-बारा असतील. सगळ्यांनी पट्टी दाबून पाहिली, कोपर पाहिलं, छाती ऐकली, पाऊल टोचलं. भागरथानं शेवटच्याचं होऊ दिलं आणि म्हणाली, "झालं पाहून? आता काय पाहिलं ते मलेही सांगा. अंग माझं आहे."

सांगितलं त्यांनी. रक्त तपासलं, कोपराच्या गाठीतून तुरीएवढा तुकडा कापून नेला, आठ दिवसांनी सांगितलं. महारोग नाही. शिंका, दमा, गांधी, डाग, गाठी, पाऊल, हे सगळं एकच आहे. तिच्या रक्तात एका जातीच्या पेशी हद्दीबाहेर वाढल्या आहेत. त्या आतल्या बारीक नसांवरच उलटल्या आहेत. डॉक्टर म्हणाला, मी हा आजार पुस्तकात वाचला होता, माणसात पहिल्यांदा पाहिला. आणि म्हणाला, या बाईनं पाऊल लपवलं असतं तर मी दम्याचं औषध आणि डागाचं मलम देऊन घरी पाठवलं असतं. पाऊल दाखवलं म्हणून मले तीन गोष्टी जोडता आल्या.

ऐकलं का? ज्या एका शब्दापायी तिले आपण ओळीतून काढलं, त्या शब्दानं तिचा रोग सापडला.

मी त्यातलं निम्मं समजली नाही. बाहेर येऊन विचारलं, काय म्हणाला तो? भागरथा दवाखान्याच्या पायरीवर बसली. मग म्हणाली, "तू बरोबर होती बाई. बिबाच उतला. फक्त बाहेरून नाही, आतून."

डॉक्टरनं कागदावर रोगाचं नाव लिहून दिलं होतं, इंग्रजीत. गावात आल्यावर गुरुजींनी ते तीनदा वाचलं आणि तीनदा वेगळं वाचलं. हो की नाही, गुरुजी? ती म्हणाली, नाव तुमच्याजवळ ठेवा गुरुजी, बिबा मी ठेवते.

गोळ्या नव्याच आल्या होत्या. त्यांनी डाग गेले, गाठी बसल्या, श्वास मोकळा झाला. तोंड मात्र गोल झालं, पौर्णिमेच्या चंद्रासारखं. मी म्हणायची, नागपूरचं पाणी लागलं तुले. पाऊल पुरतं परत आलं नाही. चिंधी राहिली ती शेवटपर्यंत.

दुसऱ्या वर्षी रोवणा आला. ती बांधावर उभी राहिली. बायांनी ऐकलंच होतं सगळं. पारबताबाई म्हणाली, महारोग नाही ना? मग ये, तुझी पात रिकामी आहे. मले बरं वाटलं. मले वाटलं, ही आता उतरेल, रडेल, आणि गोष्ट संपेल. ही उतरली नाही. तिनं विचारलं,

"आणि असता तर?"

पारबताबाई म्हणाली, आता ते कायले उकरतेस. भागरथा म्हणाली, उकरून नाही राहिली, विचारून राहिली. मी तीच भागरथा. पाऊलही तेच. मागच्या वर्षी नको होती, यंदा पाहिजे. मधात कागद आला फक्त. ज्याच्याजवळ असा कागद येणार नाही, त्यानं कुठं जायचं?

पारबताबाई रोपं उचलायला वाकली. आणि मग ती उतरली. चिंधी घट्ट केली, चिखलात पाय घातला आणि तिसरी पात धरली. हळू रोवायची. आम्हाला तिच्यासाठी थांबावं लागायचं. मी पुष्कळ कुरकुर केली, पण थांबली.

तिला उत्तर आम्ही दिलं नाही, म्हणून ते तिनं स्वतःच शोधलं. तळ्याच्या पाळीवर सोमाजी राहत होता. बंड्यांची चाकं करायचा, आपल्याच गावचा. त्याले खरंच महारोग झाला होता आणि आपण त्याले गावाबाहेर, पाळीवर ठेवलं होतं. भागरथा त्याच्याकडे गेली. म्हणाली, सोमाजी, माझं पाऊल झोपलेलं, तुझी बोटं झोपलेली, आपण दोघं मिळून नागपूरला जाऊ, एकटं गेलं तर रेल्वेत करमत नाही. घेऊन गेली. त्याच्यासाठीही गोळ्या निघाल्या आहेत आता. डॉक्टरनं सांगितलं, घेत राहिला तर गावात राहायला हरकत नाही. घेते तो. ती महिन्याला विचारायची, घेतल्या का? तो खोटं बोलला की तिले कळायचं. खोट्याचा तिले वासच यायचा.

आणि ही पट्टी. डॉक्टरकडून तिनं मागून आणली. करंड्यात ठेवायची, कुंकवाजवळ. कोणाच्या अंगावर काही उठलं की बाया लेकरांना घेऊन आमच्या ओट्यावर हजर. ती दाबायची. लाली गेली तर म्हणायची, जाते आहे, नखं काप आणि गप्प बस. नाही गेली तर म्हणायची, बंडी जुंप, आज, उद्या नाही. कधी कोणाला रोगाचं नाव सांगितलं नाही. म्हणायची, मी डॉक्टरीण नाही. कधी घाबरायचं आणि कधी नाही, एवढंच मले माहीत आहे. पण गावात त्यानंतर कोणाला डाग दिसले म्हणून ओट्यावर बसवून काटा टोचला नाही. एकालाही नाही. आपल्या भागात अशी किती गावं आहेत? सांगा मले, तुम्ही बाजार फिरता.

तीन रोवणे तिनं असे काढले. डॉक्टरनं आधीच सांगून ठेवलं होतं की हा बिबा कधी तरी काळजाच्या नसांपर्यंत जाईल. यंदा धान घरात आलं, आणि तिच्या हाताच्या बोटांवर ठिपके आले. अंगणात उन्हात बसली होती. स्वतःच करंडा मागितला, स्वतःच पट्टी ठेवून दाबली. मले म्हणाली, पाहा बाई, जात नाही. तांदळातला खडा दाखवावा तसं दाखवलं. मी म्हटलं, बंडी जुंपायला सांगते. म्हणाली, सांग, जाऊ. पण हे आधी घे. आणि पट्टी माझ्या हातात दिली. म्हणाली, आता लोकांचं तू दाब.

मी म्हटलं, मले काय समजते त्यातलं?

तर म्हणाली, "टोचायला समजत होतं, दाबायला नाही समजणार?"

आणि हसली. मी पण हसली. काय करू? इतक्या वर्षांचं देणं-घेणं तिनं एका वाक्यात मिटवलं. सौंदडच्या स्टेशनावर, छोट्या गाडीची वाट पाहताना, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ती गेली. माझ्या कानात तो श्वास वाजत होता, आणि मग वाजला नाही.

रडू नका. मी रडायला उभी नाही राहिली. मले अभिमान आहे. माझी जाऊ होती म्हणून नाही, ती तर नशिबानं मिळते. अभिमान यासाठी, की जिच्या कातडीकडे पाहायला गाव भीत होतं, तिनं गावाला कातडीकडे पाहायला शिकवलं.

आता शांत उभं राहायचं. गुरुजी म्हणाले, दोन मिनिटं आपापल्या जागी. आपापल्या जागी नाही, गुरुजी. उठा, आणि एका ओळीत उभे राहा, रोवण्याला राहतो तसे. बाप्यांनीही. पारबताबाई, तू पहिली. मी दुसरी. माझ्यानंतर एका माणसाची जागा सोडा. ती तिची आहे. आणि चिंचेखाली बाहेर कोण बसलं आहे? सोमाजी, तू तिथं काऊन? आत ये. त्या जागेच्या पलीकडे, चौथ्यावर, तू उभा राहा.

झालं? लागली ओळ?

आता कोणी बोलू नका. आणि पाहा, मधली जागा भरायला कोणी सरकायचं नाही. यावेळी मीही नाही सरकणार.